समोरची खुर्ची

१

लग्न करून ती या घरात आली तेव्हा नवऱ्याचा धंदा संपलेला होता. बुडालेला नव्हे, संपलेला. जेवण संपतं तसा: पोट भरलं, हात धुतले, आता पुढ्यातल्या रिकाम्या ताटाकडे बघत बसायचं. शेअर बाजारात त्याने इतक्या तरुणपणी इतकं कमावलं होतं, की पुढे इकडची काडी तिकडे केली नसती तरी दोघांचं म्हातारपण सुखात गेलं असतं. मग एक दिवस त्याने सगळ्या स्क्रीन बंद केल्या आणि उद्यापासून मनासारखं जगायचं असं ठरवलं. मन मात्र त्या बैठकीला हजर नव्हतं.

“कसे आहेत गं आमचे भाऊजी?” बहीण फोनवर विचारायची.

“सुखी आहेत. सकाळपासून खिडकीत उभे राहून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीकडे बघतायत.”

त्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. गिटार आणली, मातीकामाचं चाक आणलं, पळायचे भारी बूट आणले. थोडे दिवस गेले की तो शांतपणे सांगायचा, “तोट्यात चाललंय. बाहेर पडलो.” बाजारात ही शिस्त समजली जायची. घरात तीच शिस्त माळ्यावर साठत चालली होती.

तिला त्याची काळजी वाटायची. माणूस चांगला होता. आवाज चढवायचा नाही, चहा स्वतः करायचा, आणि ती बोलत असली की खरंच ऐकायचा. पण रिकामा माणूस घरात असला की आजूबाजूच्या खोल्याही रिकाम्या व्हायला लागतात. याला काहीतरी आवडलं पाहिजे, असं तिने मनाशी घेतलं. आणि तिने एकदा मनाशी घेतलं की सुटका नसे. तिचे वडील म्हणायचे, हिला जन्मतःच पाठीचा कणा जरा जास्तच लांब मिळालाय.

त्याची कामाची खोली घराच्या मागच्या बाजूला होती. लांब टेबल, त्यावर काळ्या पडलेल्या स्क्रीन, अलीकडे त्याची चाकांची गुबगुबीत खुर्ची. आणि टेबलापलीकडे, त्याच्या अगदी समोर, एक साधी लाकडी खुर्ची.

“ही कुणाची?” तिने विचारलं होतं.

“समोरच्याची.”

“कोण समोरचा?”

“कुणीही. हे बघ, मी काही घेतो, तेव्हा कुणीतरी ते देत असतो. दिसत नाही, पण असतोच. तो का देतोय, हे कळल्याशिवाय बोट उचलायचं नाही, हा माझा नियम. म्हणून खुर्ची ठेवली. डोळे मिटायचे आणि विचारायचं, देता? आतून होकार आला की म्हणायचं, घेतलं. एकदा घेतलं म्हटलं की सौदा झाला, मागे फिरायचं नाही.”

“आणि अहो-जाहो करतोस त्याला?”

“अनोळखी माणूस आहे. अदबीने बोलावं.”

ती हसली. सासूबाईंसमोर ती नवऱ्याला ‘अहो’ म्हणायची आणि खोलीचं दार लागलं की ‘तू’. तिसऱ्या कुणाशी कसं बोलायचं हा प्रश्न या घरात आधीच सुटलेला होता तर.

त्याच आठवड्यात गालिचा झाडायला म्हणून तिने दोन्ही खुर्च्या हलवल्या. खुर्चीच्या पायांनी गालिच्यात खळगे पडतात, त्यात नवल नाही. नवरा अंगापिंडाने भक्कम, दिवसदिवस बसलेला. तरी त्याच्या खुर्चीचे खळगे बोटाच्या पेराएवढेही नव्हते. समोरच्या रिकाम्या खुर्चीचे खळगे गालिच्यातून पार खालच्या लाकडात उतरले होते.

गालिचा तिकडून झिजला असेल, असं म्हणून तिने खुर्च्या होत्या तिथे ठेवल्या.

२

बासरी हा त्याचा पुढचा प्रयत्न. शिकवणारे गुरुजी आठवड्यातून एकदा येत आणि जाताना पाणी मागून पीत. दमून जात बिचारे. बासरीतून वारा सोडून काही निघत नव्हतं. सासूबाई विणकाम करता करता म्हणाल्या, “सायकलची हवा गेली की काय कुणाच्या?”

“आई, नवीन आहे मी.”

“तेच तर. जुना झालास की ट्रकची जाईल.”

त्या दुपारी तो बासरी घेऊन कामाच्या खोलीत गेला. “तिथेच माझं डोकं चालतं,” म्हणाला. ती थोड्या वेळाने चहा घेऊन गेली. दुसरी जागा नव्हती म्हणून समोरच्या लाकडी खुर्चीत बसली. त्याचे डोळे मिटलेले होते. बासरी ओठाशी होती. आणि जुन्या सवयीने, तिच्याकडे न बघता, हलक्या आवाजात तो म्हणाला, “देता?”

तिला हसू फुटलं. एवढ्या आदराने तिला सासरी अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

“घ्या की,” ती म्हणाली.

“घेतलं,” तो म्हणाला आणि त्याने फुंकर मारली.

स्वर लागला. गोल, स्वच्छ, पाण्यात खडा पडावा तसा. त्याने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. मग तो लहान मुलासारखा हसला, आणि तिला वाटलं, याला हसताना आपण आज पहिल्यांदा बघतोय.

३

तिला शिट्टी वाजवायची सवय होती. ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची: पानाचा छेद, बेडकाचं काळीज, बी रुजण्याच्या पायऱ्या. पेन्सिल चालू झाली की ओठांतून आपोआप शिट्टी निघे. लग्नाआधी आई म्हणाली होती, सासरी जपून हो. सासूबाईंनी ऐकून फक्त म्हटलं होतं, “कुकर समजून गॅस बंद करायला उठले मी.”

बासरी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या ओठांतून नुसती हवा आली.

ओठ सुकले असतील म्हणून तिने साय लावली. मग दाढ हलतेय का बघितली. मग दातांच्या डॉक्टरांकडे गेली आणि खुर्चीत आडवं पडून, तोंड उघडं असताना, हे कसं सांगायचं याचा विचार करत राहिली. शेवटी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “दात उत्तम आहेत. शिट्टीचं आम्ही बघत नाही.”

तिचं तिलाच हसू आलं. चांगली शिकलेली बाई, शिट्टी हरवली म्हणून दवाखाने धुंडाळतेय. विसरतं माणूस. पोहणं विसरत नाहीत म्हणतात, पण शिट्टीबद्दल कुणी काही म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

मागच्या खोलीतून बासरी ऐकू येत होती. गुरुजी आता पाणी मागत नव्हते. डोळे मिटून ऐकत बसत. नवरा जेवताना ताल धरायचा, तिला हाका मारायचा, बाजारातून येताना विनाकारण फुलं आणायचा. घराला जाग आली होती. कुणाला काय सांगणार? नवरा आनंदी आहे आणि माझी शिट्टी गेली, ही तक्रार लिहून घेईल असं जगात कुणी नव्हतं.

फक्त एके संध्याकाळी तिने लक्ष देऊन ऐकलं. स्वर संपताना तो शेवटी किंचित वर उचलत होता, प्रश्न विचारावा तसा. तशी लकब तिची होती. शिट्टीतली. ती त्याला कुणी शिकवली नव्हती.

४

त्यानंतर ती त्या लाकडी खुर्चीत बसली नाही. कारण विचारलं असतं तर तिने पाठ दुखते असं सांगितलं असतं.

एका सकाळी ती चित्रं द्यायला प्रकाशकाच्या कचेरीत गेली. तिथे बसवून ठेवलं, चहा दिला, नवं काम दिलं. परत आली तर नवरा दारातच उभा, पाठीमागे हात लपवून.

“डोळे मीट.”

“चप्पल काढू दे आधी.”

“मीट गं.”

तिने मिटले, उघडले. त्याच्या हातात कागद होता. कागदावर एक पान. शिरा, देठ, कडेचे बारीक दाते, सगळं नेमकं. तिने हे पान शंभरांत ओळखलं असतं. देठापासून सुरुवात करायची आणि टोकाला पोचायच्या जरा आधी पेन्सिल उचलायची, केसाएवढी फट ठेवायची, म्हणजे पान कागदावर श्वास घेतं. हे तिचं तिने शोधून काढलं होतं. या पानाच्या टोकाला ती फट होती.

“तू काढलंस?”

“सहज पेन्सिल घेऊन बसलो. हात चालायलाच लागला! बासरीपेक्षाही हे जास्त माझं वाटतंय.” तो थांबला, जरा ओशाळून हसला. “तुझी परवानगी घेतली हं आधी. तुझा प्रांत आहे.”

“कधी घेतलीस?”

“आत्ता सकाळी. मी डोळे मिटून विचारलं, देता? तू म्हणालीस ना, घ्या की. त्या दिवशीसारखंच, हसत. डोळे उघडले तर तू गेलेलीस.”

“मी कचेरीत होते.”

“मग जायच्या आधी असेल.”

ती जायच्या आधी तो झोपलेला होता. हे तिने सांगितलं नाही. ती आपल्या टेबलाशी गेली, नवा कागद घेतला, पेन्सिल टेकवली. निघालेली रेघ जाड, थरथरती होती. शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या मुलाची असते तशी. दुसरी तशीच. तिसरीला तिने पेन्सिल खाली ठेवली आणि हात मांडीवर घेऊन नीट बघितला. हात तिचाच होता. नुसता ओळख दाखवत नव्हता.

मागच्या खोलीत पेन्सिल कागदावर भराभर सरकल्याचा आवाज येत होता.

५

सासूबाई खिडकीपाशी विणत बसल्या होत्या. त्या नोकरीत असताना मोठ्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या धाकाने वर्गातली घड्याळंसुद्धा वेळेवर चालायची म्हणे. आता मात्र त्या तीन माणसांना कधी पाच कप मांडत, कधी दोनच. घरात त्यावर विनोद व्हायचे, त्या स्वतःच करायच्या. त्यांनी विणलेल्या स्वेटरची एक बाही दुसरीच्या दीडपट असे.

“आई,” ती शेजारी बसली. “तुम्ही त्या मागच्या खोलीत कधी जात नाही.”

“काय ठेवलंय तिथे?”

“पूर्वी जायचात?”

सुया थांबल्या. “त्याने बाजाराचं सुरू केलं ना, तेव्हा रडकुंडीला आलेला. आकडे डोक्यात राहायचे नाहीत. मी जाऊन बसायचे समोर. सोबत म्हणून. लहानपणी त्याच्या अभ्यासाला बसायचे तशी.”

“लाकडी खुर्चीत?”

“दुसरी कुठली होती?”

“आणि त्यांनी विचारलं, देता?”

“तेव्हा ‘देतेस?’ म्हणायचा. आईला कोण अहो-जाहो करतंय?” सासूबाईंनी वीण उलटी करून बघितली. टाके किती झाले हे कळल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. “तू काय विचारतेयस ते कळतंय मला. मला आकडे तेवढे कळत नाहीत, बाकी सगळं कळतं.”

“त्यांना सांगितलं नाहीत?”

“काय सांगू? आईने पोराला दिलं त्याचा हिशेब ठेवायचा असतो का?” त्यांनी तिच्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं, बराच वेळ. मग त्यावर आपला हात ठेवला. “पण मी आई आहे. तू बायको आहेस. तुझं तू ठरव.”

तिने त्याच दुपारी लाकडी खुर्ची उचलली, अंगणातल्या अडगळीच्या खोलीत नेऊन टाकली आणि कडी घातली. संध्याकाळी नवऱ्याने ती परत आणली होती. रागावला नाही. “तिच्याशिवाय बसवत नाही गं,” एवढंच म्हणाला. “अर्धं टेबल गेल्यासारखं वाटतं.”

६

चित्रांवरून त्याचं मन उडालं नाही, पण एक दिवस त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि तिला शेजारी बसवून घेतलं.

“एक सांगू? बासरी छान आहे. चित्रं छान आहेत. पण ते वाजवून झालं, काढून झालं, की पुन्हा तेच. आत रिकाम्या डब्यासारखं खणखणतं. मला कळलंय मला काय हवंय.”

“काय?”

“तू दुपारी पुढच्या खोलीत बसतेस. भिंतीवर उन्हाचा तुकडा येतो, त्याच्याकडे बघत. काही करत नाहीस. आणि तुझ्या तोंडावर जे असतं ना...” त्याने पुढच्या खोलीकडे हात केला. “मी इतकं मिळवलं आणि ते नाही मिळालं. तुला फुकट मिळालंय. ते मला शिकायचंय.”

तो अगदी भाबडेपणाने बोलत होता. तिचं प्रेम होतं त्याच्यावर, हीच तर अडचण होती. दुष्ट नवऱ्याला सोडून जाता येतं, त्याबद्दल सगळे सल्ले देतात. भला नवरा तुम्हाला घोटाघोटाने पीत असेल तर काय करायचं?

“मी शिकवीन तुला,” ती म्हणाली. “रोज बस माझ्याजवळ. हळूहळू येईल.”

“नको, त्याला वेळ लागेल. मी उद्या विचारून बघतो.”

“मागू नकोस. दुसरं काहीही माग.”

“अगं, नुसतं बसायचंय! तू घाबरलीस की काय?”

ती घाबरली होती. पण रात्रभर कूस बदलत राहण्याऐवजी तिने ती भीती वर्तमानपत्रासारखी घडी घालून बाजूला ठेवली आणि विचार केला. आपण नसताना खुर्चीतून आपला आवाज आला. म्हणजे आपण नसताना तिथे कुणीतरी बसतं. मग आपणच जाऊन बसायचं. घट्ट. आणि आपल्या तोंडाने, त्याला ऐकू जाईल असं, नाही म्हणायचं. एका खुर्चीत दोन माणसं मावत नाहीत.

शाळेच्या पुस्तकात छापण्याइतका सरळ विचार होता. तिला शांत झोप लागली.

७

दुपारी ती त्याच्या आधी जाऊन बसली. पाय जमिनीवर टेकवले, पाठ खुर्चीला लावली, दोन्ही हातांनी बैठकीची कड धरली. खोलीत ऊन आलं होतं. बाजूच्या भिंतीवर पडलं होतं. तो आला, तिला बघून खूश झाला.

“आलीस? बरं झालं.”

“मी नाही म्हणणार आहे,” ती म्हणाली. “आत्ताच सांगून ठेवते. नीट ऐक.”

“बरं, बरं.” तो हसत बसला. डोळे मिटले. त्याचा चेहरा हळूहळू सपाट झाला. सौद्याच्या वेळी तो असाच दिसत असावा. घरात कुठे आवाज नव्हता. सासूबाईंच्या सुयाही थांबल्या होत्या.

“देता?”

“नाही,” ती म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट, आणि लगेच दात आवळून तोंड बंद केलं.

तोंड बंदच होतं. आणि तेव्हाच आवाज आला. शेजारून नाही, मागून नाही. ती जिथे बसली होती तिथूनच, तिच्या छातीच्या उंचीवरून, त्या पहिल्या दिवसाच्या हसऱ्या स्वरात.

“घ्या की.”

“घेतलं,” तो म्हणाला.

दुखलं नाही. काही तुटलं, निसटलं, असंही नाही. तिला वाटलं, वाचले. मग त्याने डोळे उघडले आणि भिंतीकडे बघितलं.

“अगं... हे रोज असतं इथे?”

तिने बघितलं. भिंतीवर ऊन होतं. चौकोनी, पिवळट, खिडकीच्या मापाचं.

“हो,” ती म्हणाली. “ऊन आहे.”

तो उठला होता. भिंतीजवळ जाऊन त्याने त्या उजेडावर तळहात ठेवला, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि तसाच उभा राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती बघत राहिली. एरवी तिला किती बरं वाटलं असतं. तिने आत चाचपून बघितलं, पडलेल्या दाताच्या जागी जीभ चाचपते तसं. आनंद नव्हता. दुःखही फारसं नव्हतं. तेही आनंदाबरोबरच गेलं असावं. पण तळाशी एक वस्तू दोन्ही पाय रोवून उभी होती, आणि ती बघून तिला ओळख पटली. हट्ट. तो त्याने मागितला नव्हता.

ती उठली.

“मी तुझ्या खुर्चीत बसते,” ती म्हणाली.

“बस की,” तो भिंतीकडे बघतच म्हणाला. “मला आता नकोच ती.”

ती टेबलाला वळसा घालून गेली. गुबगुबीत खुर्ची तिच्याखाली कुरकुरली, चाकं थोडी सरकली, थांबली. तिने आधी टेबलावर नजर ठेवली: धूळ, स्क्रीनच्या काळ्या काचा, त्याची पेन्सिल. मग मान वर केली.

लाकडी खुर्ची रिकामी असायला हवी होती. आत्ताच तर ती तिच्यातून उठली होती.

तिला पहिल्यांदा दिसली ती बोटं. मांडीवर ठेवलेली, टोकांना खडूची पांढरी भुकटी, आणि भराभर एकमेकींना लागत होती, काहीतरी मोजत. वर एक बाई, ताठ, तरुण, कडक नाकाची. ते नाक ती रोज खिडकीपाशी बघायची. मग त्या बाईच्या आतून, काचेवर दोन प्रतिबिंबं पडावीत तशी, आणखी एक दिसली. पुढे झुकलेली. ओठांचा चंबू केलेला. बोटांवर पेन्सिलीचा काळा डाग. त्या चेहऱ्यावर, भिंतीकडे न बघताही, ऊन होतं.

मावत होती. एका खुर्चीत दोघी व्यवस्थित मावत होत्या, आणि त्यांच्या मागे, जिथे खुर्चीची पाठ संपून भिंत सुरू व्हायला हवी होती, तिथे अजून कितीतरी जणांना जागा असावी असा काळोख होता. त्यातल्या कुणीतरी शर्टाची बाही नीट केली.

तिने तिकडे बघितलं नाही. तिचं काम समोरच्या दोघींशी होतं. डोळे मात्र तिने मिटले नाहीत. नवऱ्याची ती चूक तिला करायची नव्हती.

खुर्ची पुढे ओढून घेत, कोपरं टेबलावर टेकवून, अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीने तिने विचारलं, “देता?”

मोजणारी बोटं थांबली. त्या दोघींनी तिच्याकडे बघितलं नाही. आधी एकमेकींकडे बघितलं, तिला काय काय द्यायचं ते ठरवायला.